दोन दिवसांचा रंग

कोनाच्या टोकाला भोक पाडायचं नसतं, ते कोन वळतानाच ठेवायचं असतं. सेलोफेनचा त्रिकोणी तुकडा डाव्या हाताच्या बोटांवर धरायचा, उजव्या हाताने गुंडाळत आणायचा, टोक आवळत जायचं आणि उजेडासमोर धरून बघायचं. टाचणीचं अग्र जेमतेम शिरेल एवढीच वाट राहिली पाहिजे. त्याहून मोठी राहिली तर रेघ जाड येते. लहान राहिली तर मेंदीतला एखादा कण अडकतो, अंगठ्याचा दाब वाढतो आणि ऐन नवरीच्या हातावर कोन फुटतो. वाट बरोबर जमली की बाहेरच्या कडेला चिकटपट्टी लावायची, पाऊण कोन भरायचा, वरचं तोंड दुमडून पुन्हा पट्टी.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चिंचवडमधल्या एका घरात सतरंजी टाकून दोन मुली आणि त्यांची ताई हे काम करत होत्या. सगळ्या तिला ताईच म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. हरतालिकेची मागणी होती. वळून झालेला प्रत्येक कोन ताई खिडकीकडे धरून बघायची आणि मनासारखा नसला की बाजूला टाकायची. शिकायला येणाऱ्या मुलींना ती सुरुवातीला हातावर काही काढूच देत नाही. "आधी कोन वळा म्हणते. कोनच वाकडा असला तर हात कितीही चांगला असून काय उपयोग?"

मेंदीबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते नक्षीबद्दल. मोर कसा काढलाय, जाळी किती बारीक, नवरा-नवरीचे चेहरे किती हुबेहूब. मला या लेखात नक्षीच्या अलीकडचं सांगायचं आहे. हातात काय धरलं आहे, त्यात काय भरलं आहे आणि ते कातडीवर किती वेळ राहणार आहे, यावर नक्षीचं रूपही ठरतं आणि रंगही. गेल्या दोन पिढ्यांत साधन इतकं सुधारलं की केसाएवढी बारीक रेघ काढता येऊ लागली. रंगाला लागणारा वेळ मात्र होता तेवढाच राहिला. त्या वेळेला कात्री लावायचा जो उद्योग बाजारात चालला आहे तो धोक्याचा आहे, आणि त्याबद्दल लग्नघरांत, भिशीत, मंगळागौरीच्या गप्पांत मोकळेपणाने बोललं जावं असं मला फार वाटतं.

मूठ, काडी, सुई

साठी ओलांडलेल्या बायकांनी साधनाशिवायची मेंदी पाहिलेली आहे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी परसातल्या झुडपाचा पाला ओरबाडून आणायचा आणि पाट्यावर काथ, चिंच किंवा लिंबू घालून वाटायचा. वाटणारीचे हात सगळ्यांच्या आधी रंगायचे. मग तळहाताच्या मधोमध एक गोळा थापायचा, भोवती ठिपके द्यायचे, बोटांच्या टोकांना टोप्या घालायच्या, मूठ मिटून वर फडकं बांधायचं आणि झोपायचं. सकाळी उशीचा अभ्रा रंगलेला, एखादीचा गालही.

गोल आणि टोप्या एवढीच नक्षी, म्हणून तिला बाळबोध म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ओला पाला कितीही वाटला तरी त्यात शिरांचे धागे राहतात, त्याची रेघ ओढता येत नाही. थापणं, चिकटवणं आणि मुठीत दाबणं एवढंच तो करू देतो. तेलुगू घरांत आषाढात अजूनही असाच ताजा पाला वाटून लावतात आणि तिथेही तळहातावर गोल आणि बोटांवर टोप्याच असतात. अमिरातीतल्या जुन्या बायकाही मुठीत मेंदी दाबून धरत, म्हणजे बोटांच्या वळ्यांच्या जागा कोऱ्या राहून त्यांचीच नक्षी उमटे. एकमेकींना कधी न भेटलेल्या बायका साधन सारखं असल्यामुळे सारख्याच नक्षीपाशी पोचल्या.

आणि रंग? रात्रभर मिटलेली, उबदार, ओलसर मूठ. मेंदीला याहून चांगली जागा मिळणं कठीण. आज लिंबू-साखरेचं पाणी, पट्ट्या, लवंगांची धुरी असा जो सगळा खटाटोप करावा लागतो तो मुठीला आपसूक साधायचा.

वाळवलेल्या पानांची वस्त्रगाळ पूड मिळायला लागली तेव्हा काडी आली. खराट्याची हीर, आगकाडी, कुठे चांदीची सळई. काडीने काढायची तर मेंदीला तार यावी लागते. नुसती पूड पाण्यात कालवली तर ती काडीवरून गठ्ठ्याने पडते. साखर किंवा गूळ घातला की तिला ओढ येते, काडी उचलली तरी धागा तुटत नाही, आणि हुशार बाई तो लोंबता धागा हवा तसा वळवून कातडीवर ठेवते. राजस्थानातल्या जुन्या मेंदीत चौपड, घेवर, लहरिया, चुनरी ही जी नावं येतात ती नक्षी बहुतेक ठिपक्यांची आणि छोट्या सरळ रेघांची आहे. लांब वेलबुट्टी काडीला झेपत नाही, कारण दर थोड्या अंतरावर काडी पुन्हा वाटीत बुडवावी लागते.

मोरोक्कोत, विशेषतः फेझ शहरात, मेंदी काढणाऱ्या बायकांनी इंजेक्शनची सिरिंज उचलली. सुईचं टोक बोथट करून त्यातून मेंदी दाबायची. सिरिंजची रेघ अखेरपर्यंत एकाच जाडीची येते. तिथल्या चौकटी, त्रिकोण आणि दाट जाळ्यांना ती शोभते. मॉरिटेनियात वेगळीच रीत आहे: चिकटपट्टीचे बारीक तुकडे कापून आधी कातडीवर बसवायचे, वर सगळीकडे मेंदी थापायची आणि मग पट्ट्या काढायच्या. नक्षी कोऱ्या कातडीची उरते. आपल्या जत्रांतले रबराचे आणि प्लास्टिकचे छाप याच कुळातले, फक्त घाईचे.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मेंदीच्या रूढी आणि कलेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तो प्रस्ताव सुदान, मोरोक्को, अमिराती यांच्यासह सोळा अरब देशांचा होता. भारत त्यात नव्हता. याचं अनेकांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. आपल्याकडची हीर, मूठ आणि पाटा यांची नीट नोंद कुणी करून ठेवली तर पुढे प्रस्ताव करायला काही हाताशी असेल.

कोन आला तो प्लास्टिक स्वस्त झाल्यावर. सुरुवातीला घरोघरी दुधाच्या पिशव्या धुऊन, पुसून, कापून त्यांचेच कोन करत. कोनात मेंदीचा साठा हातातच असतो, वाटीकडे जावं लागत नाही, आणि अंगठ्याच्या दाबाने रेघ वाटेत जाड-बारीक करता येते. काडी किंवा सिरिंज यांपैकी कुणालाही एकत्र न जमलेल्या या दोन गोष्टींमुळे कोयरीची कमान, वेलीचं वळण, पाकळीच्या कडेची जाड रेघ आणि आतली बारीक भर हे सगळं एका दमात होऊ लागलं. आपण आज 'मेंदी' म्हणून जे डोळ्यांसमोर आणतो ते कोनाने घडवलेलं रूप आहे.

पूड

ताईकडची पूड सोजतची. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातलं हे गाव मेंदीसाठी देशभर ओळखलं जातं, आणि २०२१ साली 'सोजत मेहंदी'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. जोधपूरच्या काझरी या कोरडवाहू प्रदेशाच्या संशोधन संस्थेचं पालीला केंद्र आहे, तिथे मेंदीच्या लागवडीवर काम चालतं. झुडूप एकदा लावलं की कित्येक वर्षं पीक देतं. पाऊस कमी, हवा कोरडी, ऊन कडक, आणि अशाच ठिकाणी पानांत रंगद्रव्य चांगलं भरतं. कापणी पावसाळा सरता सरता, हाताने, विळ्याने. झुडपं काटेरी होत जातात म्हणून मजूर हातात जाड मोजे घालतात. कापलेलं पीक वाळत असताना अवकाळी पाऊस आला की पानं काळवंडतात आणि रंग उतरतो. म्हणजे चिंचवडच्या नवरीच्या हाताचा रंग पालीच्या एका सरीवर अवलंबून असतो.

केसांची मेंदी आणि हाताची मेंदी या दोन वेगळ्या पुडी असतात, हे दुकानात पुष्कळांच्या लक्षात येत नाही. केसांची भरड असली तरी चालते. हाताची दोन-तीनदा वस्त्रगाळ केलेली लागते. तेवढ्यावरही ताई थांबत नाही. कालवलेली मेंदी ती नायलॉनच्या पायमोज्यातून पिळून काढते. मोज्यात शेवटी चिमूटभर चोथा उरतो, आणि कोन तुंबवणारा कण नेमका त्यातला असतो.

पुडीचा हिरवा रंग बघून फसू नये. झगझगीत हिरवी पूड दिसली तर ती ताजी असेलच असं नाही, काही ठिकाणी हिरवा रंग मिसळलेला असतो. चांगली पूड मळकट हिरवी असते, तिला वाळल्या गवताचा वास येतो. उजेडात आणि दमट हवेत ती लवकर मरते, म्हणून जाणत्या बायका नवी पूड आली की हवाबंद पुडे बांधून फ्रीजरमध्ये ठेवतात.

पानातल्या रंगद्रव्याचं नाव लॉसोन. झाडाचं शास्त्रीय नाव 'लॉसोनिया इनर्मिस' लिनियसने १७५३ साली दिलं, आयझॅक लॉसन या स्कॉटिश वैद्यावरून, आणि रंगद्रव्याचं नाव त्याच झाडावरून पडलं. गंमत अशी की वाळलेल्या पानात लॉसोन बराचसा मोकळा नसतो. तो साखरेच्या रेणूशी जखडलेल्या रूपात असतो. पाला वाटला, किंवा पुडीत पाणी आणि किंचित आंबटपणा आला, की तो हळूहळू सुटू लागतो. मेंदी भिजवून ठेवायची ती यासाठी. लिंबू किंवा चिंच यांचं काम एवढंच. आजी चिंच घालत होती ती रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही योग्यच होती. मात्र लिंबू जास्त झालं तर कातडी कोरडी पडते आणि रंगही फिका राहतो. चहाचं उकळलेलं पाणी, कॉफी यांनी रंग गडद होतो असं घरोघरी मानतात. चहाचं पाणी थोडं आंबट असतं, त्यापलीकडे त्याचा उपयोग दिसत नाही. घातलं तर बिघडतही नाही.

ताईचं कालवण पाहण्यासारखं असतं. स्टीलच्या पातेल्यात पूड, त्यात साखर, मग थोडं थोडं लिंबूपाणी, गुठळी राहू न देता. शेवटी निलगिरीचं तेल. झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात चार-सहा तासांत रंग सुटतो, थंडीत रात्र लागते. सुटला की नाही हे घड्याळावर ठरत नाही. वरचा थर तपकिरी पडतो, खालची मेंदी हिरवीच असते, आणि पातेल्यावर ताणलेल्या प्लास्टिकला नारिंगी डाग दिसू लागतात. मग चिमूटभर तळहातावर ठेवून पाच मिनिटांनी पुसायची. नारिंगी ठिपका राहिला तर मेंदी तयार. त्यानंतर ती ढवळून, पळीवाढ होईपर्यंत थोडं पाणी घालून गाळायची. निलगिरी, टी-ट्री, लव्हेंडर यांसारख्या तेलांतले घटक रंग कातडीत खोल जायला मदत करतात. म्हणूनच चांगल्या कोनाला घरभर सुटेल असा औषधी वास येतो. लवंगेचं तेल काहींच्या कातडीला झोंबतं, ताई ते वापरत नाही.

तयार मेंदी बाहेर ठेवली तर एक-दोन दिवसांत रंग ढळू लागतो. फ्रीजरमध्ये काही महिने टिकते. ही एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी बाजारातल्या कोनांकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. ज्या कोनावर महिनोन्महिन्यांची मुदत छापलेली आहे आणि जो रणरणत्या उन्हात टपरीवर टांगलेला आहे, त्यातला रंग नुसत्या पानाचा असणं शक्य नाही.

हात

दुपारी एक नवरी आली, बरोबर आई आणि मावशी. ताईने आधी तिचे हात साबणाने धुवायला लावले. क्रीम, लोशन, व्हॅक्सिंगनंतरचं तेल, यातलं काहीही कातडीवर राहिलं तर मेंदी वर वर तरंगते. हात पुसून, मनगटाखाली उशी सरकवून काम सुरू झालं.

मी जवळ बसून बघत होते ते कोनाचं टोक. ते कातडीला टेकतच नव्हतं. कातडीच्या किंचित वरून मेंदीची तार खाली उतरत होती आणि ताई ती ठेवत जात होती, पुढे टोक, मागे रेघ. टेकवून ओढली तर रेघ चपटी होते आणि कडा फाटतात. सोडत गेलं तर ती गोल, उंच राहते, आणि उंच रेघेत मेंदी जास्त म्हणून रंगही जास्त. उजव्या हाताची करंगळी नवरीच्या हातावर टेकलेली होती, तेवढाच आधार. वळण आलं की बोटं न हलता कोपरापासून हात वळायचा. रेघ संपवताना आधी अंगठा सैल, मग टोक झटकन खाली टेकवून उचललेलं. अंगठा सैल करायच्या आधी कोन उचलला की शेपूट राहतं. शेपूट राहिलंच तर खोचलेली टूथपिक काढून ते आत वळवायचं, तेही लगेच, कारण मिनिटभर थांबलं तरी कातडीवर नारिंगी छाया उमटते आणि ती पुसून जात नाही.

आधी जाड बाह्यरेषा, मग आतली भर. भरीला वेगळा, अधिक बारीक कोन. मनगटावर तिने तुळशी वृंदावन काढलं, तळहातावर नथ आणि कोयरी, बोटांवर जाळी. मराठी नवरीच्या मेंदीत हे विषय आता हमखास असतात. आपल्याकडे लग्नात हळद आणि हिरवा चुडा यांचं जे स्थान होतं ते मेंदीला पूर्वी नव्हतं. घरातल्या बहिणी, मैत्रिणी मिळून लावायच्या, ती घरगुती हौस होती. मेंदीचा स्वतंत्र कार्यक्रम उत्तरेकडून आणि हिंदी चित्रपटांतून आला, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५ मध्ये आला तेव्हापासून तर फारच. मला त्यात वावगं वाटत नाही. आलेल्या कार्यक्रमात नथ आणि वृंदावन शिरलं, म्हणजे तो आपला झाला.

दोन्ही हात कोपरापर्यंत आणि दोन्ही पाय म्हणजे पाच-सहा तास. इतका वेळ मान खाली. ताईच्या उजव्या अंगठ्याचं मूळ सुजतं, हिवाळ्यात लग्नसराई संपेपर्यंत उतरत नाही. मेंदीचे पैसे ठरवताना नक्षी किती भरगच्च हे विचारतात. अंगठ्याचं कुणी विचारत नाही.

नक्षी पूर्ण झाल्यावर कापसाने लिंबू-साखरेचं पाणी टिपलं. वाळलेली मेंदी पोपडे धरून पडू नये, ती कातडीला चिकटून ओलसर राहावी, हे त्यामागचं कारण. तव्यावर लवंगा गरम करून त्यांची धुरी हातांना दिली, तीही मुख्यतः उबेसाठी. सहा तास, जमलं तर रात्रभर तशीच ठेवायची. काढताना पाणी अजिबात नाही, बोथट सुरीच्या पाठीने खरवडायची, वर मोहरीचं किंवा खोबरेल तेल. पाण्याला पुढचा दिवसभर हात लावायचा नाही. नवरीची आई लगेच म्हणाली, "आमच्याकडे परवा देवक आहे, चालेल ना?" ताई म्हणाली, "काकू, परवाच तर खरा रंग येईल."

कातडी

खरवडल्यावर दिसतो तो रंग भोपळ्यासारखा नारिंगी असतो, आणि तिथेच पुष्कळ जणींचा धीर सुटतो. लॉसोन कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरात शिरतो आणि तिथल्या केराटिन या प्रथिनाशी जोडला जातो. जोडलेला रंग मग हवेतल्या प्राणवायूने हळूहळू गडद होतो. नारिंगीचा तांबूस, तांबसाचा तपकिरी, याला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. त्यात घाई करता येत नाही. रंग कातडीबरोबरच जातो, वरचे थर झडतील तसा, आठवड्या-दोन आठवड्यांत.

मृत थर जिथे जाड तिथे रंग जास्त. तळहात आणि तळपाय यांची कातडी बाकी अंगापेक्षा कितीतरी जाड असते, म्हणून तिथे मेंदी गडद चढते. हाताच्या पाठीवर ती फिकी राहणारच. कोपराजवळ आणखी फिकी. मेंदी जितकी रंगेल तितकं नवऱ्याचं प्रेम, असं म्हणत आपण मुलींना चिडवतो. खरं कारण इतकं साधं आहे: कातडीची जाडी, अंगाची ऊब आणि मेंदी किती वेळ राहिली ते. ज्या बाईने खुरपं धरलं, भांडी घासली, जिच्या तळहाताला घट्टे पडले, तिच्या हातावर मेंदी सर्वांत गडद चढते. नाजूक हातांचं कौतुक करणाऱ्या सगळ्या जाहिरातींना हे झुडूप असं परस्पर उत्तर देतं, आणि मला ते फार आवडतं.

पाच मिनिटांचा कोन

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी पुण्यात तुळशीबागेच्या आसपास चालायला जागा नसते. ओळीने स्टुलं, त्यांवर राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेली मुलं, समोर हात पसरून उभ्या बायका. "ताई, पाच मिनिटांत रंग, गॅरंटी!" त्यांचा वेग थक्क करणारा असतो. कोन खोक्यातून निघतो, वापरून संपतो, दुसरा निघतो. अर्ध्या तासात धुतलं तरी गडद रंग. मुंबईत दादरला, ठाण्यात, नाशकात, सणाच्या आदल्या दिवशी सगळीकडे हेच.

पानातला लॉसोन पाच मिनिटांत तपकिरी किंवा काळा होऊ शकत नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणजे त्या कोनात दुसरं काहीतरी आहे. काळ्या मेंदीत बहुधा असतं ते पॅरा-फेनिलिनडायअमाइन, थोडक्यात पीपीडी. केसांच्या कलपातलं हे रसायन. कलपाच्या खोक्यावर आधी थोड्या जागेवर लावून बघा असा इशारा छापलेला असतो. युरोपीय संघात केसांच्या रंगात त्याचं प्रमाण जास्तीत जास्त दोन टक्के चालतं, आणि कातडीवर लावायला ते मुळीच चालत नाही. कोनात ते किती आहे हे कोनावर लिहिलेलं नसतं. लाल, झटपट रंगाच्या काही कोनांत सोडियम पिक्रामेट हा कृत्रिम रंगही सापडलेला आहे.

पीपीडीचा त्रास लगेच दिसतोच असं नाही, आणि सगळी फसगत तिथेच होते. पहिल्या वेळी काही होत नाही, किंवा आठ-दहा दिवसांनी खाज सुटते, तोवर मेंदीचा कुणाला संशयही येत नाही. शरीराने मात्र ते रसायन ओळखून ठेवलेलं असतं. पुढच्या वेळी दोन दिवसांत नक्षीच्या रेघेरेघेवर फोड येतात, पाणी सुटतं. बरं झाल्यावरही कित्येकांच्या हातावर तीच वेलबुट्टी पांढरट किंवा काळपट डागांनी महिनोन्महिने राहते. ही ॲलर्जी जन्मभराची असते. दहा वर्षांच्या मुलीला सणाला काळी मेंदी लावली, ती चाळिशीत केसांना पहिल्यांदा कलप लावते आणि तिचा चेहरा, डोळे सुजतात. भूल देणाऱ्या काही औषधांशी आणि काही रंगांशीही या ॲलर्जीचा संबंध जुळतो. असा त्रास झालेल्याने डॉक्टरांना ही मेंदीची गोष्ट आवर्जून सांगायला हवी.

शुद्ध मेंदीही अगदी तान्ह्या बाळांना लावू नये. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांत लॉसोनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. बारशाला बाळाच्या तळपायावर ठिपका देण्याची हौस काही घरांत असते. तिथे कुंकवाचं बोट पुरेसं आहे.

स्टुलावरच्या मुलांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ते घाऊक बाजारातून मिळेल तो कोन घेतात. दिवसभर त्या रसायनात त्यांचीच बोटं बुडालेली असतात, आणि गिऱ्हाईक स्वस्तात आणि झटपट मागतं. कोन करणाऱ्याने त्यात काय घातलं हे खोक्यावर छापायला हवं, आणि न छापणाऱ्याचा माल दुकानदाराने ठेवू नये. आपल्या हातात एवढं आहे की घेताना विचारायचं: यात काय आहे, कधी भरला, रंग किती वेळाने येतो? "लगेच" असं उत्तर आलं तर हात मागे घ्यायचा. वासही सांगतो. निलगिरीऐवजी रॉकेल किंवा थिनरचा भपकारा आला तर तो कोन नकोच.

परदेशी राहणाऱ्या मराठी घरांची अडचण निराळी. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाने मेंदीला फक्त केस रंगवण्यासाठी मान्यता दिलेली आहे, कातडीसाठी नाही. तरी गणेशोत्सवात, डोहाळजेवणाला मेंदी लागतेच, आणि मग पुण्याहून येणाऱ्या मावशीला सांगितलं जातं, "डझनभर कोन आण." खऱ्या मेंदीचा कोन दोन दिवसांच्या प्रवासात मरतो. पेटीत टिकून जो पलीकडे पोचतो आणि गडद रंगतो, त्याच्यावर संशय घ्यायला हवा. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या लेकीला कोन पाठवण्यापेक्षा हवाबंद पूड पाठवणं शहाणपणाचं. लिंबू आणि साखर तिकडेही मिळतं.

खऱ्या मेंदीचा कोन टपरीवरच्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. पूड, तेल, भिजवणं, गाळणं, वळणं आणि फ्रीजर या सगळ्याचे पैसे त्यात असतात. ताईसारख्या अनेक जणी आता इन्स्टाग्रामवरून मागणी घेतात. ताई कोनाच्या पट्टीवर भरल्याची तारीख लिहिते आणि बर्फाच्या पिशवीत घालून देते. घरी पोचल्या पोचल्या फ्रीजरमध्ये टाका, लावायच्या आधी तासभर बाहेर काढा, एकदा उघडलेला पुन्हा ठेवू नका, हे ती प्रत्येकीला तोंडी सांगते.

लग्नाच्या मागण्यांत वाद होतो तो तारखेवरून. हॉल, छायाचित्रकार, पाहुणे यांच्या सोयीने मेंदीचा कार्यक्रम लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ठेवलेला असतो, आणि मुहूर्ताला हात गडद हवे असतात. मागे एकदा "थोडा बाजारातला कोन मिसळा की" असाही आग्रह झाला होता, तेव्हापासून ताई फोनवर पहिला प्रश्न मुहूर्ताचा विचारते. त्यातून दोन दिवस वजा करते आणि तीच तारीख देते. तो दिवस आधीच कुणी घेतलेला असेल तर नाही म्हणते आणि आकुर्डीत राहणाऱ्या तिच्या जुन्या विद्यार्थिनीचा नंबर देते. तीही घरीच कालवते.